यादवी-इच्छुकांसाठी काही सूचना

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय टँकरचा. दोन तास घसा फोडून झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, "या देशात एकदा यादवी झालीच पाहिजे. सगळं कसं साफ होईल!" टाळ्या पडल्या. असे काका तुमच्याकडेही असतीलच, म्हणून हा उपद्व्याप.

आधी कारण शोधा. टँकर चालणार नाही. नेपाळात १९९६ साली माओवाद्यांनी पंतप्रधान शेरबहादूर देऊबांपुढे ४० मागण्या ठेवल्या. राजाचे विशेषाधिकार काढा, अस्पृश्यता संपवा, कसेल त्याची जमीन. खोट्या होत्या असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

युद्ध हा शेवटचाच उपाय असावा, असं नीतिशास्त्रवाले सांगतात. मनावर घेऊ नका. त्या मागण्यांची मुदत १७ फेब्रुवारीपर्यंत होती. पोलीस चौक्यांवर हल्ले १३ तारखेलाच झाले. आपण टँकरवाल्याला यापेक्षा जास्त सवलत देतो.

जिंकण्याची शक्यता तपासा. काका सोसायटीची निवडणूक तीनदा हरलेत.

आता लढणार कोण, ते ठरवा. तुम्ही नाही, तुमचा गुडघा दुखतो. पोरं घ्या, दुसऱ्यांची. नेपाळात युद्ध थांबल्यावर संयुक्त राष्ट्रांनी माओवाद्यांच्या छावण्यांत मोजदाद केली, तेव्हा युद्धबंदीच्या वेळी अठराही पूर्ण नसलेले २,९७३ जण निघाले. २०१० साली त्यांना घरी धाडलं, कपाळावर 'अयोग्य' असा शिक्का मारून. शाळेच्या वयात बंदूक हातात दिली तेव्हा बरी योग्य होती! आणि बसमधली माणसं? जून २००५ मध्ये चितवनच्या माडीत माओवाद्यांच्या सुरुंगाने एक प्रवासी बस उडाली, तीसहून जास्त जीव गेले. नेत्यांनी नंतर चूक कबूल केली. झालं! सरकारी फौजाही काही कमी नव्हत्या. त्यांनी रात्री उचलून नेलेली कितीतरी माणसं अजून घरी आलेली नाहीत. दहा वर्षांत १७,०००च्या आसपास मेले. राजा गेला, हेही खरं. आणि २०१६ मध्ये माओवाद्यांचे नेते 'प्रचंड' पंतप्रधान झाले ते कुणाच्या पाठिंब्यावर? देऊबांच्याच पक्षाच्या. पुढच्या वर्षी खुर्ची सोपवली ती कुणाला? देऊबांना! मेलेल्यांना कुणी कळवलं का हे?

त्या सभेत चहा देत फिरणारा आमचा वॉचमन नेपाळातल्या रोल्पा जिल्ह्याचा. माओवादी घरटी एक पोर मागायला आले, तेव्हा बापाने त्याला रातोरात सीमेपार पाठवलं. चौदा वर्षांचा होता. काका त्याला बहादूर म्हणतात. त्याचं नाव बहादूर नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा ट्रे सांभाळत तोही हसला. सगळे हसत होते ना.

काका, आता पुरे. यादवी कशाला म्हणतात, ते तरी माहीत आहे? प्रभासच्या किनाऱ्यावर यादव दारू ढोसून एकमेकांवर उठले. हाताला येईल ते गवत उपटून भाऊ भावाला, बाप लेकाला झोडत सुटला. साफ झालं ते त्यांचंच कूळ. सरकारी पोलिसांचा छळ सोसणाऱ्या रोल्प्याच्या शेतकऱ्याने हत्यार उचलावं की नाही, यावर मी रात्रभर वाद घालीन. तुमच्याशी नाही. तुम्हाला कुणी छळलेलं नाही, लिफ्ट बंद होती एवढंच. खाली बसा. आणि सहा महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय, तो आधी भरा.