एल्गिगितगिनचा गाळ आणि अर्धवट मेसेज

पाषाण तलावावर फिरणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: ‘रशियातल्या तळ्याच्या गाळात पुरावा सापडला, आर्क्टिक पूर्वी आजच्यापेक्षा गरम होतं. म्हणजे तापमानवाढ थोतांड!’

अर्धी गोष्ट खरी आहे. हे तळं एल्गिगितगिन, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेलं. त्याच्यावरून हिमनदी कधी सरकली नाही, म्हणून तळाचे थर शाबूत राहिले. (आपल्याकडे गाळ काढायला जेसीबी उतरला की थरांचा पार काला.) २००९ मध्ये गोठलेल्या तळ्यावर यंत्र उभारून तो गाळ लांब नळकांड्यांत वर काढला. त्यातले परागकण सांगतात, आज जिथे खुरटी झुडपं आहेत तिथे तळं नवं असताना, लाखो वर्षांपूर्वी, घनदाट जंगल होतं. उन्हाळे सुमारे ८ अंशांनी जास्त गरम.

पण मेसेजने नेमकं काय गाळलं? तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा वायू, दहा लाखांत ४०० भागांच्या आसपास होता. कारखान्यांच्या युगाआधी तो २८० होता, आता ४२०च्या पुढे गेलाय. म्हणजे हा गाळ मेसेजच्या बाजूने नाही, विरुद्ध साक्ष देतो.

मेसेज टाकणाऱ्या काकांना बाकावर हे सांगितलं. म्हणाले, “मला आला, मी पुढे ढकलला.”