भाव सांगता, मग पाणी का सांगत नाही?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद रंगलाय: सांगलीच्या गावभागातलं जुनं घर विकून तिथल्याच विश्रामबागला फ्लॅट घ्यायचा की नाही. दादा म्हणतो, आता विकलं तर मातीमोल जाईल, थांबू. धाकटी म्हणते, पुढचा पूर यायच्या आत मोकळे व्हा. मधूनच कुणीतरी मला टोमणा मारतं, की तुम्ही परदेशातल्यांनीच फ्लॅट घेऊन कुलपं लावलीत, म्हणून भाव चढले. थोडं खरं आहे ते. पण विश्रामबागचा भाव चढवायला कृष्णामाईचाही हातभार आहेच. २००५, २०१९, २०२१... मारुती चौक, हरभट रोड, शामरावनगर, सांगलीवाडी पाण्यात गेली, की ज्याला परवडतं तो तिकडं जागा बघायला लागतो.

मी इंग्लंडात वुस्टरला राहतो. सेव्हर्न नदीकाठचं गाव, पूर इथल्यांनाही नवा नाही. नदीकडच्या जुन्या वेशीच्या भिंतीवर कुठल्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा कोरलेल्या आहेत. सांगलीकराला अशा खुणांची गरजच नाही. ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं, हे ऑगस्टात शेंबडं पोरही विचारतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्याही वर गेलं, हे सगळं तोंडपाठ. पण हाच माणूस घर विकायला काढतो, तेव्हा भिंतीवर नवा रंग चढतो आणि पाणी ‘कोपऱ्यापर्यंतच आलेलं’ असतं.

इथं घर विकणाऱ्यानं भरायचा एक फॉर्म असतो. घरात कधी पाणी शिरलं होतं का, असा सरळ प्रश्न त्यात आहे. खोटं लिहिलं तर घेणारा पुढं कोर्टात खेचू शकतो. शिवाय पिनकोड टाकला की पुराचा धोका सरकारी वेबसाइटवर कुणालाही दिसतो. २०१६ पासून पूरभागातल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून विमा कंपन्यांची एक सामाईक योजना आहे, पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना ती मुद्दाम लागू नाही. म्हणजे नदीत नवं घर बांधाल तर ते तुमच्या जिवावर. मला हा नियम फार आवडतो.

किमतीचंही तसंच. शेजाऱ्याचं घर कितीला गेलं, हे इथं चारचौघांना फुकट बघता येतं. आपल्याकडेही सूची क्रमांक दोन, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, ऑनलाइन दिसते, पण तिच्यातला आकडा बहुतेकदा रेडी रेकनरला, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराला टेकलेला. उरलेले पैसे पिशवीतून जातात. यात मरतो तो पगारदार. बँक कर्ज देणार कागदावरच्या किमतीवर, वरची रोकड त्यानं आणायची कुठून? मग घर रोकडवाल्याला जातं आणि आपण म्हणतो, मार्केट गरम आहे.

इंग्लंडात सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत इथला शब्द म्हणजे हवा. महिनोन् महिने वकील, सर्व्हे यांत जातात आणि ऐनवेळी विकणारा जास्त देणाऱ्याकडे वळतो. आपल्या विसाराला आणि साठेखताला यापेक्षा किती तरी वजन आहे. दुय्यम निबंधकाकडे सकाळी गेलेली माणसं दुपारी दस्त घेऊन बाहेर पडतात, हे इथल्या लोकांना सांगितलं तर पटत नाही.

गावाकडचा दुसरा वाद कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा: ती वाढली तर आपल्याकडं पूर वाढेल, ही भीती. तो व्हायलाच हवा. पण धरणाची उंची बेंगळुरू आणि दिल्लीत ठरणार, आणि आपल्या उंबऱ्यावर किती पाणी आलं ते आपल्याला आत्ताच लिहिता येतं. नदीकाठच्या पूररेषांचंही तसंच: निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. या रेषा नकाशावर आहेत. पण गुंठेवारीतला दोन गुंठ्यांचा तुकडा घेणाऱ्याला तो नकाशा कोण दाखवतं? एजंट तर नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की खरेदीखतात चतुःसीमा लिहितो, तशी तीन ओळींची पाण्याची नोंद लिहावी: २००५ ला किती, २०१९ ला किती, २०२१ ला किती.

दादाला हे सांगितलं तर त्याचं उत्तर तयार होतं. ‘तू तिथं बसून बोलायला काय जातंय? आपण एकट्यानं खरं लिहायचं आणि शेजारच्यानं रंग मारून पाच लाख जादा घ्यायचे, होय?’ त्याचं गणित चुकीचं नाही. एकट्यानं लिहिलं तर तोटाच आहे, म्हणून तर ते सगळ्यांना सक्तीचं हवं. तोवर माझ्या वाट्यापुरतं मी त्याला कळवलंय: घेणाऱ्याला पाणी सांगून जो भाव येईल तो घे, कमी पडेल तेवढं माझ्या हिश्श्यातून धर. बहिणीनं ग्रुपवर होकाराचा अंगठा टाकलाय. दादानं निळ्या टिका दाखवल्यात, उत्तर नाही.