एखादा देश वाळीत टाकायचा असेल तर

पहिली सूचना: माणसं वाळीत टाकू नका. पनवेल-उरणकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात (२०१६) तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. एवढीच हौस असेल तर थेट देश निवडा आणि त्याच्यावर निर्बंध लावा. त्याला कैद नाही, दंड नाही, वर पत्रकार परिषद घेता येते. पद्धत न्हावा शेवा बंदरातल्या बिल ऑफ लेडिंगमध्ये, म्हणजे जहाजी मालाच्या पावत्यांमध्ये, ज्यांची हयात गेली त्यांच्याकडून समजून घ्या.

नेमकं काय हवंय, हे कुठेही लिहून ठेवू नका. १९५६ मध्ये सुएझवर चढाई करणाऱ्या ब्रिटनला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी साफ सांगितलं: लढाई थांबवा, सैन्य काढा, नाहीतर घसरत्या पौंडासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पैसा मिळणार नाही. वर्ष संपायच्या आत सैन्य परत. मागणी एक, तीही पुरी करता येण्याजोगी, आणि समोर मित्रराष्ट्र, म्हणजे गमावण्यासारखं पुष्कळ असलेलं. असं केलंत तर निर्बंध लागू पडतात आणि विषयच संपतो. त्यापेक्षा शत्रू निवडा, शक्यतो ज्याच्याशी आपला फारसा व्यापार नाही असा, आणि 'वर्तनात सुधारणा' मागा. ती काही पुरी होत नसते.

सही करण्याआधी स्वतःची खरेदी उरकून घ्या. १९६२ मध्ये क्यूबाबंदीच्या आदेशावर सही करण्यापूर्वी केनेडींनी आपले प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर यांना क्यूबन सिगार आणायला पिटाळलं. बाराशे मिळाले, मग पेन बाहेर आलं. सांगणारे खुद्द सॅलिंजरच आहेत.

बंदीची यादी लांबलचक हवी, पण झोंबणारी नको. १९३५ मध्ये इटली इथिओपियावर चालून गेली तेव्हा राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) इटलीला घोडे, खेचरं, गाढवं, उंट विकायला मनाई केली. तेल मात्र चालू राहिलं, सुएझ कालवाही उघडा. पुढच्या मे महिन्यात इथिओपिया गेला, जुलैत निर्बंध उठले. आपल्या मतदारांचा मालही असाच जपा. पोखरणनंतर १९९८ च्या मे महिन्यात अमेरिकेने भारत-पाकिस्तानवर निर्बंध लावले. जुलैत गहू वगळला, कारण पाकिस्तान अमेरिकन गव्हाचं मोठं गिऱ्हाईक होतं. तत्त्वाला पोत्याची सोय पाहावी लागते.

आता गळतीचं. याला न्हावा शेवासारखी शाळा नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्युटी लागली. पहलगामनंतर, २ मे २०२५ ला, सरळ बंदी आली, तिसऱ्या देशातून वळसा घालून येणाऱ्या मालासकट. दोन महिन्यांच्या आत महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट'मध्ये ३९ कंटेनर धरले: १,११५ टन माल, किंमत साधारण ९ कोटी. त्यात खारीक. कराचीहून एका कंटेनरमध्ये निघायचं, दुबईच्या जेबेल अली बंदरात दुसऱ्यात भरायचं, नवे कागद करायचे आणि मूळ देशाच्या रकान्यात 'यूएई' टाकायचं. खारकेवर काही शिक्का नसतो. वाशीच्या मसाला मार्केटात ती पोचली की ती फक्त खारीक. तेव्हा धरलेल्या ३९ कंटेनरची बातमी मोठी छापून आणा. सुटले किती, असं कुणी विचारलंच, तर त्याचं देशप्रेम तपासायला घ्या.

औषधं आणि अन्न वगळल्याचं परिपत्रकात ठळक अक्षरांत लिहा. बिनधास्त लिहा, कारण अडवायचं काम बँक करते. अमेरिकेचे निर्बंध असलेल्या सुदान, इराण आणि क्यूबाचे व्यवहार केल्याबद्दल २०१४ मध्ये बीएनपी पारिबा बँकेला जवळजवळ ९ अब्ज डॉलरचा भुर्दंड बसला. आता इराणला जाणाऱ्या औषधाच्या एका खेपेवर बँकेला कमिशन सुटणार काही हजारांचं, आणि चुकलं तर आकडा अब्जांत. कोण शहाणा सही करील? बँकवाला नाही म्हणतच नाही. तो शंका काढतो. माल घेणाऱ्या कंपनीच्या मालकाचा मालक कोण? जहाजाचा आयएमओ नंबर, म्हणजे ओळख क्रमांक? याआधी ते कुठल्या बंदरांना लागलं होतं? एक उत्तर गेलं की दुसरी शंका तयार. इकडे कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात उभा. फुकटचे दिवस संपले की जागेचं भाडं चढतं, शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकल्याचा आकार चढतो, रीफर (थंड कंटेनर) असेल तर विजेचे पैसे वेगळे, आणि आतल्या औषधाची मुदत आपली सरतेच आहे. निर्यातदार पुढच्या वेळी ऑर्डरच घेत नाही. तुमच्या परिपत्रकाला मात्र कुठे डाग नाही. आडनाव 'इराणी' असलेल्या ठाण्यातल्या एखाद्या बेकरीवाल्याचे दोनशे डॉलर सॉफ्टवेअरने अडकवून ठेवले, तर यंत्रणा उत्तम चालली आहे असं समजावं.

टंचाईने राजवट कोसळेल, असं भाषणात जरूर म्हणा. १९९० पासून इराकवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते. टंचाई आली तसं रेशन आलं, आणि रेशनची किल्ली सद्दामच्या सरकारकडे. पुढे तेलाच्या बदल्यात अन्न देण्याची योजना निघाली, तर तिच्यातूनही सरकारने १.८ अब्ज डॉलर वरकड कमावल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीच्या २००५ च्या व्होल्कर अहवालात आहे.

तेलावर निर्बंध लावायचे असतील तर डिसेंबर २०२२ चा रशियाचा नमुना गिरवा. पिंपामागे ६० डॉलरच्या आत विकलं तरच पाश्चात्त्य जहाज आणि विमा. तपासणी म्हणजे काय, तर भाव मर्यादेत असल्याचं लिहून द्यायचं आणि कागद पाच वर्षं जपायचा. भाडं-विमा फुगवून लावला की पिंपाचा भाव हवा तेवढा उतरतो. ज्यांना एवढाही व्याप नको त्यांनी जुनाट टँकर घेतले, झेंडे बदलले, जहाजाचा ठावठिकाणा सांगणारे ट्रान्सपॉन्डर बंद केले. तेच तेल गुजरातेत शुद्ध झालं की भारतीय डिझेल म्हणून युरोपात. ही फट बुजवायला युरोपला जानेवारी २०२६ उजाडलं. राग फारच अनावर झाला तर गिऱ्हाइकाला चोपा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच तेलावरून भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं. सर्वांत मोठं गिऱ्हाईक चीन, त्याला या कारणासाठी हात लावला नाही. चोप देतानाही माणूस पाहून द्यावा.

राहता राहिलं निर्बंध उठवणं. त्याची घाई नको. सोव्हिएत संघातून ज्यूंना बाहेर पडू द्यावं म्हणून १९७४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार कायद्यात सवलती रोखणारी जॅक्सन-वॅनिक दुरुस्ती झाली. ज्यू गेले, १९९१ मध्ये सोव्हिएत संघही गेला, दुरुस्ती रशियाला २०१२ पर्यंत चिकटून होती. वाशीच्या खाडीपलीकडचं ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र १९९८ मध्ये अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांच्या यादीत चढलं. २००८ मध्ये दोन्ही देशांचा अणुकरार झाला, नाव यादीत तसंच. ते निघालं जानेवारी २०२५ मध्ये, बायडन यांना घरी जायला आठवडाही उरला नव्हता तेव्हा. नाव चढवायला एक सही पुरते. उतरवायला निघालात की 'नमते घेतले' अशी हेडलाइन येते. म्हणून ते काम नेहमी सामान बांधायच्या आठवड्यासाठी राखून ठेवा.