‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर: लुसिल बॉल, तिचा नवरा आणि वेडीवाकडी तोंडं

स्पष्टवक्ता,

खरं नाव लिहिलं नाहीत म्हणून हेच वापरतेय. मागे मी लुसिल बॉलवर लेख लिहिला होता, ‘आय लव्ह लुसी’ ह्या जुन्या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेची नायिका, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ती परवा रात्री वाचली, तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते पण लाईट गेली आणि बरंच झालं, तेव्हा जे लिहिलं असतं ते वाचण्यासारखं नव्हतं. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं इथे परत देते:

“बाई, जरा अभ्यास करून लिहीत जा. लुसिल बॉलला नवऱ्याने उभं केलं, तिने फक्त तोंडं वेडीवाकडी केली. मालिका १९५२ ला नाही, १९५१ ला सुरू झाली. तिची शेवटची वर्षं तुम्ही दोन ओळीत गुंडाळलीत. आणि गोव्यात बसून अमेरिकन बाईचं कौतुक करण्यापेक्षा आपल्या तियात्रातल्या बायकांवर लिहा.” (तियात्र म्हणजे आमचं गोव्याचं कोंकणी नाटक.)

आधी साल. चूक माझी. ‘आय लव्ह लुसी’चा पहिला भाग १५ ऑक्टोबर १९५१ ला दाखवला गेला. लेखात दुरुस्त केलंय. झालं?

आता ते ‘बाई’. आमच्याकडे ‘बाय’ म्हणतात ते मायेनं, मासे विकणारीसुद्धा ‘घे गो बाय’ म्हणते तेव्हा बरं वाटतं. तुमचं ‘बाई’ तसलं नाही. तुमचं ‘बाई’ म्हणजे मास्तरनं पट्टी टेबलावर आपटून म्हटलेलं. मी छप्पन्न वर्षांची आहे, दोन सुनांची सासू आहे, मला ‘अभ्यास कर’ असं शेवटचं ऐकवलं ते दहावीला. एखाद्याचं चुकलं तर सांगावं, पण सांगायची एक रीत असते की नाही? तुम्ही म्हणाल मुद्द्यावर या. येतेच आहे.

‘नवऱ्याने उभं केलं.’ हे वाक्य तुम्ही किती सहज लिहून मोकळे झालात. मग ऐकाच. १९५१ ला ती चाळीस वर्षांची होती. त्याच्याआधी जवळजवळ वीस वर्षं सिनेमात बारीकसारीक कामं करत होती, त्याच्याही आधी न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेतून ‘हिला काही जमणार नाही’ म्हणून परत पाठवलेली. बाप टायफॉइडनं गेला तेव्हा तीन वर्षांची होती. रेडिओवर तिचा एक कार्यक्रम चालायचा, ‘माय फेवरिट हजबंड’, त्यात नवरा म्हणून दुसराच नट होता. सीबीएस ह्या चॅनेलवाल्यांनी तोच टीव्हीवर आणू म्हटलं, तेव्हा हीच अडून बसली की नवरा असेल तर माझा खरा नवरा, डेसी आर्नाझ. त्यांना तो नको होता, क्युबाचा माणूस, त्याचे उच्चार तसे, अमेरिकन लोक हे जोडपं मान्य करणार नाहीत म्हणाले. मग १९५० ला दोघांनी स्टेजवर प्रयोग करत दौरा काढला आणि लोक हसतात की नाही ते दाखवून दिलं. म्हणजे कोणी कोणाला उभं केलं? की बायकोनं नवऱ्याला आणलं असं म्हणायला जीभ वळत नाही?

डेसी हुशार होता, मी नाही कुठे म्हटलं? लेखातही लिहिलंय, नीट वाचलं असतं तर दिसलं असतं. फिल्मवर शूटिंग करायचं, तीन कॅमेरे एकाच वेळी लावायचे, समोर खरे प्रेक्षक बसवायचे, आणि पगार थोडा कमी घेऊन त्या फिल्म स्वतःच्या मालकीच्या ठेवायच्या, ह्या सगळ्यात त्याचं डोकं होतंच. लायटिंग कार्ल फ्रॉइंडचं, ‘मेट्रोपोलिस’ हा गाजलेला मूकपट चित्रित करणारा तोच. जोक लिहिणारे जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल, आणि लुसी स्वतः सगळीकडे सांगत फिरायची की माझे लेखक आहेत म्हणून मी आहे. पण तीन कॅमेरे लावून समोर कोणाला उभं करायचं होतं? फ्रॉइंडला?

आणि ‘फक्त तोंडं वेडीवाकडी’. ते २३ टक्के दारूचं टॉनिक चमचा चमचा पीत जाहिरातीची तालीम करते तो भाग परत बघा. दर चमच्याला जीभ थोडी जास्त जड, डोळा थोडा जास्त उशिरा मिटतो, एकदम झिंगत नाही, पायरीपायरीनं झिंगते. ते तोंड वाकडं करणं नव्हे, ते मोजमाप आहे. माझ्या लहानपणी शेजारच्या तरवट्याकडे, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्याकडे, मल्टिसिस्टम व्हीसीआर होता, त्याच्याकडे हे पहिल्यांदा बघितलं, इंग्रजी अर्धं कळत नव्हतं तरी पोट धरून हसलो. तिचा द्राक्षं तुडवायचा भाग लागला तेव्हा माझी आजी म्हणाली, अगे ही बोंडू मळता! तिनं स्वतः जन्मभर काजूचे बोंडू तुडवले होते, मीही तुडवलेत सुट्टीत आजोळी, पाय कसे सटकतात आणि चिकानं कशी आग होते ते मला विचारा. तसल्या रबरबाटात मारामारी करायची आणि ती विनोदी दिसली पाहिजे, करून बघा एकदा.

मी हे हवेत बोलत नाही. आमच्या गावच्या जात्रेच्या नाटकात मी अकरा वर्षं विनोदी कामं केली. एका नाटकात मोलकरीण होते, स्टुलावरून पडायचं होतं. दीड महिना तालीम, रोज रात्री जेवणं आटपून, आणि रोज पडायचं, कारण एका बाजूनं पडलं तर लोक हसतात आणि दुसऱ्या बाजूनं पडलं तर ‘लागलं गो?’ म्हणून उठतात. मनगट दुखावलं ते अजून पावसात कळा देतं. प्रयोगाच्या रात्री मांडव हलला हसून. आणि मग माईकवर बक्षिसं जाहीर झाली तेव्हा माझं नावसुद्धा घेतलं नाही, ‘अमक्यांच्या सौभाग्यवती’ म्हटलं, आणि शाल-श्रीफळ दिलं ते मिस्टरांना. त्यांनी त्या नाटकात पडदा ओढला होता. बसला असेल तुम्हाला हा विषय फार किरकोळ.

तर ‘नवऱ्याने उभं केलं’ हे मी आज पहिल्यांदा ऐकत नाही.

पुढचं तर तुम्ही सोयीनं विसरलात. १९६० ला घटस्फोट झाला. १९६२ ला तिनं दोघांच्या डेसिलू स्टुडिओतला नवऱ्याचा हिस्सा विकत घेतला आणि त्याची अध्यक्ष झाली, एवढा मोठा टीव्ही स्टुडिओ चालवणारी पहिली बाई. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ ह्या मालिका १९६६ ला त्याच स्टुडिओतून आल्या. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती बसलेली नव्हती. टीव्हीचे मानाचे एमी पुरस्कार चार मिळाले, त्यातले दोन १९६७ आणि १९६८ चे. तेव्हा कोण उभं करत होतं, सांगाल?

बाळंतपणाचं तर मी लेखात लिहिलंच होतं, पण तुम्हाला ते दिसणार नाही. पहिली मुलगी तीन महिन्यांची असताना मालिका सुरू झाली. दुसरा मुलगा १९ जानेवारी १९५३ ला झाला, आणि त्याच रात्री टीव्हीवर मालिकेतली लुसी बाळंत झाली, चार कोटींहून जास्त लोकांनी बघितलं. सगळा देश तिचं पोट बघत होता आणि ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायला चॅनेलची बंदी होती. वेडीवाकडी तोंडं म्हणे.

शेवटची वर्षं गुंडाळली, हो गुंडाळली. तिची १९८६ ची मालिका आपटली, आठ भागांत बंद झाली. मला ते लिहायला आवडलं नाही. माझा ब्लॉग आहे.

तियात्राचं म्हणाल तर लिहीन कधीतरी, पण तुम्ही सांगितलं म्हणून नाही.

पुढच्या वेळी नाव घालून या म्हणजे बोलता येईल. हे सगळं लिहून मिस्टरांना वाचायला दिलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, तो डेसीचं जे म्हणतो ते अगदीच चुकीचं नाही गो.

म्हटलं, तुम्ही पडदा ओढा.