गावभागातून थेम्सची पाणीपातळी

लंडनमध्ये संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना माझी खरी तोंडी परीक्षा विद्यापीठात झालीच नाही. ती सांगलीच्या गावभागातून, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, व्हिडिओ कॉलवर रोज घेतली जाई. आई, आजी आणि काका हे परीक्षक मंडळाचे कायम सदस्य असत, तर भडंगाचा वाडगा हातात घेऊन सहज डोकावलेल्या शेजाऱ्यांना बाहेरचे परीक्षक म्हणून मान मिळे. बाबा पडद्याच्या कोपऱ्यात अर्ध्या कानापुरते दिसत आणि ‘पैसे आहेत ना?’ एवढे विचारून अंतर्धान पावत.

सांगलीत रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा हिवाळ्यातल्या लंडनमध्ये दुपारचे चार वाजलेले असतात. परंतु डिसेंबरात तिथला सूर्य चारच्या आधीच मावळत असल्याने माझ्या खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेले दिसत. आजीला हा प्रकार मुळीच पटत नसे. नात अपरात्री कुठेतरी भटकत आहे आणि घरी मात्र चारची थाप मारत आहे, असा तिचा पक्का समज झाला होता. जूनमध्ये तोच सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो हे ऐकून तिने, ‘मग दिवेलागणीच्या आधीच पोरं झोपत असतील की गं, शुभंकरोती कोण म्हणणार?’ असा प्रश्न केला, आणि तो मला आजही रास्त वाटतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे कायद्याने घड्याळ एक तास मागे घेतात, हे सांगितल्यावर काकांनी, रात्रपाळीच्या माणसाला त्या जादा तासाचा पगार मिळतो का, एवढेच विचारले. काका कारखान्यातून निवृत्त झाले असले तरी युनियनमधून अजून झालेले नाहीत.

आईचे खाते अर्थ व पुरवठा. लाल बसचे तिकीट पावणेदोन पौंड, म्हणजे जवळपास दोनशे रुपये, हे कळल्यापासून एवढ्या पैशांत सांगलीहून मिरजेला किती वेळा जाऊन येता येईल, याचा हिशेब ती मला वारंवार ऐकवत असे. तिची चिंता कमी व्हावी म्हणून मी तिला सांगितले, की पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसा बदलल्या तरी पुन्हा पैसे कापले जात नाहीत. हे मी तिच्या समाधानासाठी सांगितले होते, पण तिने त्यातून माझे वेळापत्रक तयार केले. ग्रंथालयातले पुस्तक, आठवड्याची भाजी आणि औषधाचे दुकान ही सर्व कामे एकाच तासात बसवून दाखवावीत, असा तिचा आग्रह असे. त्यापायी कोबीचा गड्डा छातीशी कवटाळून, घड्याळाकडे पाहत मी बसमागे धावले आहे, आणि घामाघूम होऊन बसमध्ये चढल्यावर चालकाने माझ्याकडे आणि कोबीकडे आळीपाळीने पाहिलेले मला आठवते.

स्वयंपाकही अर्थातच देखरेखीखालीच होई. मोहरी नीट तडतडू दे, मिरची जरा करपू दे, अशा सूचना सांगलीहून येत, आणि त्या तंतोतंत पाळल्या, की वसतिगृहाचा फायर अलार्म बोंबलू लागे. ‘कुणाचा फोन वाजतोय गं?’ असे आई निरागसपणे विचारत असताना, देशोदेशीचे विद्यार्थी कोट चढवून थंडीत रस्त्यावर उतरत, आणि फोडणीच्या मूळ सूत्रधार मात्र साडेसात हजार किलोमीटरच्या सुरक्षित अंतरावर पदर खोचून उभ्या असत.

पण हे सारे परवडले, कारण काकांचा विषय नदी हा होता. 2019 साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा आमच्या घराने तळमजला गमावला होता. तेव्हापासून काका कोणत्याही गावाची ओळख तिथल्या पाणीपातळीवरून करून घेतात. थेम्स किती फुटांवर आहे, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारले. मी चौकशी करून कळवले, की ही नदी लंडनमध्ये समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि मोठ्या भरतीच्या दिवशी हा फरक सुमारे सात मीटर, म्हणजे 23 फूट असतो. पलीकडे शांतता पसरली. 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका या दोन आकड्यांवर ज्यांचा पावसाळा चालतो, त्या काकांना दिवसातून दोनदा 23 फूट ही कल्पना झेपेना. ‘अगं, मग लोक सामान वरच्या मजल्यावर कधी नेतात?’ असे त्यांनी कळवळून विचारले.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी थेम्स बॅरिअरचा विषय काढला. 1953 च्या समुद्री पुरानंतर लंडनच्या रक्षणासाठी उभारलेला आणि 1982 पासून वापरात असलेला हा बंधारा दहा मोठ्या पोलादी दरवाजांचा आहे. ‘दहाच? कोयनेला सहा आहेत हे मान्य, पण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला सव्वीस आहेत,’ असे म्हणून काकांनी लंडनची तयारी अपुरी ठरवली. हे दरवाजे बंद करून पूर थांबवतात, समुद्राचे पाणी आत येऊ देत नाहीत, हे मी समजावल्यावर तर त्यांचा विश्वासच उडाला. अलमट्टीच्या बंद दरवाजांमुळे मागे कृष्णेच्या पाण्याला फुग येते की नाही, यावर सांगलीत अनेक वर्षे वाद चालू असताना, इंग्रजांनी दरवाजे लावून पूर थोपवला, हे ते कट्ट्यावर कोणत्या तोंडाने सांगणार होते? ‘वरून किती क्युसेक सोडलंय ते विचार आधी,’ अशी आज्ञा करून त्यांनी ती बैठक तहकूब केली.

त्यानंतर काकांनी लंडनच्या भरती-ओहोटीच्या वेळा इंटरनेटवरून मिळवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवण्यास सुरुवात केली. जुलैमध्ये कृष्णा चढू लागली तशी गल्लीतली माणसे रोज सकाळी त्यांच्याकडे पातळी विचारायला येत, आणि काका आयर्विन पूल सांगून झाला की न विचारता लंडन ब्रिजही सांगत. परिणामी भाजी घेताना शेजारच्या काकूंनी आईला काळजीने विचारले, ‘तुमच्या लेकीकडचं पाणी उतरलं का हो?’ आईने पिशवीत दोडके भरता भरता, अत्यंत गंभीरपणे उत्तर दिले, ‘संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणतात, पण पहाटे परत चढणार आहे.’