तीन पोरं, एक जॅक आणि दीडशे किलोचा गिअरबॉक्स

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला नागपूरजवळच्या वाडीतल्या चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. शेवटी आमच्याच ड्रायव्हरने तो दाखवला आणि विचारलं, "भाऊ, आपण पण असंच करून पाहू का?" तेव्हा लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा: "गॅरेजवाल्याला पैसे कशाला देता? ट्रकचा गिअरबॉक्स घरच्या अंगणात उतरवा. वीस टनाचा बॉटल जॅक, आठ विटा, एक नायलॉनचा दोर आणि तीन दमदार पोरं, बस्स. गाडी गिअरमध्ये टाका, हलत नाही. बोल्ट खोला, तिघांनी खालून छातीवर घ्या, दोर हळूहळू सोडत जा. जुने मिस्त्री आयुष्यभर असंच करत आले, कोणाला काही झालं नाही."

घरी काम करण्याला माझा विरोध नाही. माझ्या दोन गाड्या आहेत, घरामागे जागा आहे आणि क्लच प्लेटचं काम आम्ही तिथेच करतो. गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य माणूस दाबून मारू शकतं, म्हणून एकेक घेतो.

"वीस टनाचा जॅक आहे, गाडी तर सहा टनाची."

जॅकवरचा आकडा खरा असतो. वजन अगदी सरळ उभ्या रेषेत, मधोमध आलं आणि खालची जमीन कडक असली, तर तो वीस टन उचलेल. जॅक दोन बोटं जरी कलला तरी त्याच्या वर येणाऱ्या दांड्यावर आडवा जोर येतो आणि त्या जोरासाठी तो बनवलेलाच नसतो. आत तेल आहे, तेलाला अडवणारं रबरी सील आहे आणि तेल सोडायचा एक लहानसा स्क्रू आहे. एवढ्याच भरवशावर वर गाडी आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा तेल पातळ होतं आणि सील जुनं असेल तर ते हळूहळू झिरपतं. संध्याकाळी बघावं तर गाडी बोटभर खाली आलेली असते. सील एकदम फाटलं तर बघायलाही वेळ मिळत नाही.

जॅकने गाडी उचलायची आणि लगेच घोडीवर बसवायची. घोडी म्हणजे लोखंडी स्टँड, पिन किंवा दात्यांवर अडकणारा. त्यात तेल नाही, सील नाही, काही झिरपत नाही. घोड्या दोन लावा, दोन्ही चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, सरळ भागाखाली किंवा अॅक्सलखाली, आणि जॅकही हलका टेकवून तिथेच राहू द्या. चाक काढलं असेल तर ते आडवं करून चॅसिसखाली सरकवा. इतकं झाल्यावर खाली जाण्याआधी बाहेरूनच गाडीला जोरात धक्के द्या. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे.

आता जमिनीचं बोलतो, कारण नागपुरात खरा घात तिथे होतो. बॉटल जॅकचा तळ साधारण १५ सेंटिमीटर लांब-रुंद, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. रिकाम्या ट्रकचं एक टोक उचललं तरी जॅकवर अडीच टन सहज येतात. हिशेब करा: दर चौरस सेंटिमीटरला ११ किलो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. ओल्या काळ्या मातीवर घर बांधताना चौरस सेंटिमीटरला एक किलो धरायलाही इंजिनियर कचरतो. आपण तिच्यावर अकरा ठेवतो आणि खाली झोपतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका जुलैत, दोन दिवस पाऊस पडून ऊन निघालं होतं. वरून माती सुकल्यासारखी दिसत होती, कडक वाटत होती. आम्ही जॅक लावला, वर घेतला. घोडी आणायला मी शेडकडे वळलो तेवढ्यात मागून चॅसिस कण्हल्यासारखा आवाज आला. जॅकचा तळ एका बाजूने मातीत रुतला होता, दांडा तिरपा झाला होता. हेल्पर पोरगा पान्हा घ्यायला नुकताच बाहेर सरकला होता. गाडी खाली आली. त्याची एक चप्पल आत राहिली होती. नंतर काढली तर ती पापडासारखी चपटी झाली होती. पोरगा तिच्याकडे बघत बराच वेळ बसून राहिला, आणि मी त्याच्याकडे.

तेव्हापासून आमच्याकडे ६० बाय ६० सेंटिमीटरचे जाड फळ्यांचे पाट आहेत, फळ्यांचा एक थर उभा, एक आडवा, खिळ्यांनी ठोकलेला. तोच अडीच टनाचा भार ३,६०० चौरस सेंटिमीटरवर पसरला की दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोही येत नाही. तरीही पावसाळ्यात मातीवर हे काम आम्ही करत नाही. सिमेंटचा कोबा असलेली जागा शोधतो. डांबरी रस्त्याच्या कडेला लावायचा मोह होतो, पण उन्हाळ्यातलं दुपारचं डांबरही घोडीचे पाय आत घेतं.

"घोडी नसेल तर विटा लावा."

विटेची गंमत अशी की ती भिंतीत उत्तम काम करते. तिथे वरून सगळीकडे सारखा भार येतो, मधे गारा असतो. चॅसिसची कड मात्र विटेच्या एका कोपऱ्यावर बसते. लाकूड मोडण्याआधी करकरतं, दबतं, थोडी सूचना देतं. वीट काहीच सांगत नाही, एकदम दोन तुकडे होते. पोकळ सिमेंट ब्लॉक तर त्याहून वाईट. टेकू द्यायचाच असेल तर सागवानाचे किंवा साल वृक्षाचे चौकोनी गुटके घ्या आणि चौकट रचतात तसे आडवे-उभे रचा. एकावर एक मनोरा नको.

मुळात मेसेज लिहिणाऱ्याला हेही ठाऊक नसावं की पुष्कळदा गाडी उचलायची गरजच नसते. मोठ्या ट्रकखाली जागा भरपूर असते. बुटक्या ट्रॉलीवर गिअरबॉक्स उतरवून बाजूने ओढून काढता येतो. टेम्पोसारखी लहान गाडी असेल तर बेल हाउसिंगची (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं घंटेसारखं तोंड) उंची अधिक ट्रॉलीची उंची एवढं मोजून घ्या आणि पुढची चाकं रुंद, जाड पाटांवर चढवा. चाकांवर उभी असलेली गाडी जॅकवरच्या गाडीपेक्षा कधीही बरी.

"गाडी गिअरमध्ये टाका, हलत नाही."

सगळ्या मेसेजमधलं हे सर्वांत धोक्याचं वाक्य, आणि ऐकायला सर्वांत खरं वाटणारं. गिअरबॉक्स काढायचा तर आधी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, खोलावा लागतो. शाफ्ट सुटला की इंजिन आणि चाकांचा संबंध संपला. गिअर पहिला असो की रिव्हर्स, गाडी न्यूट्रलमध्येच आहे असं समजा. काही गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर असतो. तिथे शाफ्टबरोबर हँडब्रेकही गेला. एअर ब्रेकच्या गाडीत मागच्या चाकांच्या चेंबरमधली स्प्रिंग ब्रेक धरून ठेवते, ते ठीक. पण मागची चाकंच हवेत असतील तर तो ब्रेक धरणार कशाला?

शाफ्ट लावलेला असला तरी मागचं एकच चाक उचललं की गिअरचा भरवसा जातो. मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचं कामच असं की एक चाक जमिनीवर पुढे सरकलं तर हवेतलं चाक उलटं फिरून त्याला वाट देतं. गाडी जॅकवरून अशीही घसरते.

म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून लाकडी पाचर ठोका. गोल दगड नको, तो स्वतःच घरंगळतो. हे सगळं जॅकला हात लावायच्या आधी. शाफ्ट उतरवतानाही त्याचं एक टोक बांधून ठेवा. शेवटचा बोल्ट निघाला की तो सरळ तोंडावर येतो.

"तीन पोरं छातीवर घेतील."

टेम्पोचा गिअरबॉक्सही एकट्या माणसाच्या हातचा नाही. मोठ्या ट्रकचा दीडशे किलोच्या पुढे जातो, काही तर तीनशेपर्यंत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली एका धडधाकट पुरुषाने हाताने वाहायच्या वजनासाठी ५५ किलोची रेघ ओढली. आपली पोरं तर पाठीवर झोपलेली असतात, कोपर जमिनीला टेकलेलं, हात तेलाने माखलेले. दीडशे भागिले तीन म्हणजे पन्नास, हा हिशेब फक्त कागदावर जमतो. गिअरबॉक्स बेल हाउसिंगकडे जड असतो. त्याचा पुढे आलेला दांडा, म्हणजे इनपुट शाफ्ट, क्लच प्लेटच्या दात्यांतून सुटला की गिअरबॉक्स पुढून झुकतो आणि सगळं वजन पुढच्या एकट्यावर येतं. छातीवर तेवढं वजन पडलं की बरगड्या वाचल्या तरी श्वास आत घेता येत नाही. अशा माणसाला ओरडताही येत नाही, आणि वेळ मिनिटांचाच असतो.

माणूस वाचला तरी गाडी वाचत नाही. शाफ्ट अर्धवट बाहेर असताना पोरं थकली आणि त्यांनी हात जरा सैल केला, तर गिअरबॉक्सचं सगळं वजन क्लच प्लेटच्या मधल्या हबवर लटकतं. हब वाकतो, नवी प्लेट घालूनही क्लच नीट सुटत नाही, गिअर घासत पडतात. शाफ्टचं पुढचं टोक ज्यात बसतं त्या पायलट बेअरिंगचंही तेच. मग लोक पार्ट डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

यावर उपाय साधा आहे आणि तो मला आमच्या मिस्त्री काकांनी शिकवला. आधी बॅटरीची तार काढा, गिअर ऑइल पूर्ण उतरवा. बेल हाउसिंगचे सगळे बोल्ट एकदम काढू नका. समोरासमोरचे दोन काढा आणि त्या भोकांत बिनडोक्याचे लांब स्टड फिरवा. आता ट्रान्समिशन जॅक, म्हणजे वर पाळणा आणि साखळी असलेला चाकांचा जॅक, खाली घ्या, गिअरबॉक्स पाळण्याला साखळीने आवळा, मग उरलेले बोल्ट खोला. गिअरबॉक्स त्या दोन स्टडवरून रुळावरच्या डब्यासारखा सरळ मागे येतो, शाफ्ट पूर्ण सुटेपर्यंत झुकत नाही. परत बसवताना याच स्टडमुळे निम्मा वेळ वाचतो. ज्या गाड्यांत इंजिनाचं मागचं माउंटिंग गिअरबॉक्सवर असतं, तिथे इंजिनाखाली वेगळा टेकू आधीच द्या. तो जॅक विकत घ्यायला हवा असं नाही, भाड्याने मिळतो. आम्ही चार गाडीवाल्यांनी मिळून एक घेतला, तो फिरत असतो.

दोराबद्दल फार बोलायची गरज नाही. नायलॉन ताणला जातो, चॅसिसच्या धारेवर कापला जातो आणि गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. वरून उचलायचं असेल तर एक टनाची चेन कुप्पी, म्हणजे साखळीने वजन उचलायची कप्पी, लावा, ती लोखंडी तिपाईला टांगा आणि तिपाईचे तिन्ही पाय खालून साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर ते फाकतात. कडुनिंबाच्या फांदीला टांगू नका.

"जुने मिस्त्री असंच करत आले, कोणाला काही झालं नाही."

ज्यांना झालं ते हे मेसेज लिहायला बसत नाहीत. आमच्या काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नाहीत. बेल हाउसिंग आणि इंजिनाच्या मधे गेली, तिघांनी गिअरबॉक्स असाच हातावर चढवताना. मी त्यांना हा मेसेज वाचून दाखवला. ते म्हणाले, "तेव्हा आपल्यापाशी सामान नव्हतं ना बापू. असतं तर मी कशाला हात घातला असता?"

चांगले जुने मिस्त्री खड्ड्यावर काम करायचे. गाडी जमिनीवर, चार चाकांवर, आणि माणूस खड्ड्यात उभा. खड्डा म्हणजे जॅकशिवायचं गॅरेजच, आणि तो ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्याच गोष्टी आज शौर्य म्हणून फिरताहेत.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, ती मी जोडतो. खाली एकजण असेल तर बाहेर एकजण हवाच. हाताशी दुसरा जॅक हवा आणि मोबाइल खिशात हवा. कोणी दबलं तर पाय धरून ओढू नका. आधी वजन उचला, टेकू द्या, मग माणूस काढा, आणि हे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ लावायचा.

ड्रायव्हरला मी हेच सगळं शेडमध्ये उभं राहून सांगितलं. या रविवारी त्याच्या मेव्हण्याच्या टेम्पोचा क्लच खोलायचा आहे, हिंगण्याला. दोन घोड्या, चार पाचर आणि स्टडची जोडी तो शनिवारी रात्रीच घेऊन जाणार आहे. ट्रान्समिशन जॅक सध्या कळमन्यात आहे, तो परस्पर तिकडे पोचेल.