बीपी मोजण्यात कसलं आलंय नीतिशास्त्र? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण कळकळीने लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. प्राथमिक आरोग्यसेवेतल्या नर्सेसना नीतिशास्त्र नीट शिकवायला हवं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. चांगुलपणा मुळात अंगात असावा लागतो, वर्गात बसवून तो येत नाही. खरे पेच अतिदक्षता विभागात असतात, बीपी मोजणाऱ्या आणि लस टोचणाऱ्या सिस्टरचा त्यांच्याशी काय संबंध? आणि माणसं आधीच कमी असताना त्यांच्यावर आणखी एक प्रशिक्षण कशाला लादायचं? तिसऱ्या मुद्द्यावर आपलं बरंच जमेल. पहिल्या दोन्हींवर मात्र मी ठाम असहमत आहे.

दुसऱ्यापासून सुरुवात करते. एक आजोबा पायाच्या जखमेचं ड्रेसिंग बदलायला येतात. सोबत मुलगा, वडिलांना जिवापाड जपणारा. ड्रेसिंग होतं, आजोबा मोजा चढवत असतात, तेवढ्यात मुलगा टेबलाशी वाकून हळूच विचारतो, "सिस्टर, रक्ताचा रिपोर्ट आला का? काही वाईट असेल तर त्यांना नका सांगू, मला सांगा." रिपोर्ट समोर स्क्रीनवर उघडाच आहे. बाहेर रांग लागली आहे. उत्तर आत्ता, या क्षणी द्यायचं आहे.

"सगळं नॉर्मल आहे" म्हणावं तर कदाचित ते खोटं. "ते डॉक्टरच सांगतील" म्हणावं तर मुलगा ओळखणार की काहीतरी आहे. सांगून टाकावं तर रिपोर्ट आजोबांचा, आणि त्यांना कुणी विचारलेलंच नाही. ज्या सिस्टरने असा प्रसंग आधी सहकाऱ्यांबरोबर बोलून ठेवलेला असतो, ती म्हणते, "काळजी वाटणारच. पण रिपोर्ट चांगला असो की वाईट, मी पेशंटला विचारल्याशिवाय कुणालाच सांगत नाही. बाबांना विचारू या, ते हो म्हणाले तर तुमच्यासमोरच बोलू." नियम सगळ्यांना सारखा आहे हे आधीच सांगितल्यामुळे तिच्या नकारातून रिपोर्टबद्दल काहीच फुटत नाही. मुलाचा अपमान होत नाही आणि आजोबांचा हक्कही शाबूत राहतो. हे वाक्य ऐनवेळी सुचत नाही. ते आधी तोंडात बसलेलं असावं लागतं.

प्राथमिक सेवेत हे जास्त अवघड असतं, कमी नाही. वॉर्डातला पेशंट बरा होऊन निघून जातो. इथे तीच सिस्टर त्या घरातल्या सुनेची गर्भारपणातली तपासणी करते, नातवाला लस देते, आणि मुलाच्या दारूबद्दलही तिला ठाऊक असतं. एकाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्यासमोर नकळत निसटायला एक साधी चौकशी पुरते.

संमतीचंही तसंच. पेशंटने बाही वर केली म्हणजे रक्त काढायला त्याची हरकत नाही, इथवर ठीक. पण त्याच रक्तातून एचआयव्हीची तपासणी होणार असेल, तर ती संमती त्या बाहीत येत नाही. ती वेगळी विचारावी लागते.

आता तुमचा पहिला आक्षेप, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत अलाबामातल्या मेकन काउंटीत 1932 ते 1972 या काळात सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता त्यांचा आजार कसा वाढतो याचं निरीक्षण केलं. त्यांना खरा आजार सांगितला नाही. 1940च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय ठरला, तरी तो त्यांच्यापर्यंत पोचू दिला नाही. या पुरुषांना सांभाळून ठेवणारी व्यक्ती होती नर्स युनिस रिव्हर्स. ती त्यांना गाडीतून तपासणीला न्यायची, घरी जाऊन विचारपूस करायची, मृत्यूनंतर शवविच्छेदनासाठी कुटुंबाची परवानगी मिळवायची. डॉक्टर बदलत गेले, ती राहिली. लोकांचा विश्वास तिच्यावर होता, आणि तिची त्यांच्यावरची मायाही खोटी नव्हती. त्या काळात एका कृष्णवर्णीय स्त्रीने सरकारी डॉक्टरांना जाब विचारणं किती कठीण होतं हे विसरून तिला एकटीला दोषी धरणं अन्यायाचं होईल. पण माया, कष्ट, लोकांशी घट्ट नातं, म्हणजे तुम्ही ज्याला अंगचा चांगुलपणा म्हणता ते सगळं तिथे होतं, आणि तरीही तो अन्याय चाळीस वर्षं चालला. उलट तिच्या चांगुलपणामुळेच तो सुरळीत चालला.

मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी नैतिक वागणुकीचे चार भाग सांगितले: इथे काहीतरी पणाला लागलं आहे हे लक्षात येणं, योग्य काय ते ठरवणं, तेच करायची इच्छा असणं, आणि ते तडीस नेण्याची धमक. संस्कारांतून इच्छा येते, हे मला मान्य आहे. पण लक्षात येण्यासाठी नजर तयार व्हावी लागते, आणि ती तयार करता येते. जखमेत पू होतोय हे ओळखायला आपण शिकवतोच की!

कसं शिकवायचं, यावर तुमची चीड मला पटते. स्वायत्तता, हित, अहित टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं फळ्यावर लिहून सह्या घेणं म्हणजे शिक्षण नव्हे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता 1953 पासून आहे, 2021 मध्ये ती नव्याने सुधारली गेली. ती वाचावीच, पण ती पाठ असलेली सिस्टरही त्या मुलासमोर गडबडू शकते. माझा आग्रह एवढाच आहे: ठरावीक दिवशी अर्धा तास, आपल्याच दवाखान्यातला एक प्रसंग, ओळख पटेल असे तपशील काढून. काय घडलं, कुणावर परिणाम झाला, आणखी काय करता आलं असतं, आणि शेवटी नेमकं काय बोलायचं ते वाक्य प्रत्येकीने मोठ्याने म्हणून पाहायचं. डॉक्टरांनीही बसावं आणि काउंटरवरच्या माणसानेही. "कशासाठी आलात?" हे भरल्या खोलीत मोठ्याने विचारलं जातं तिथेच बरीचशी गोपनीयता संपते.

आणि तुमचा तिसरा मुद्दा. योग्य काय ते कळतं, पण व्यवस्था ते करू देत नाही, या घुसमटीला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमेटन यांनी 1984 मध्ये नैतिक क्लेश असं नाव दिलं. सिस्टरला शिकवायचं की पेशंटला समजावून सांगितल्याशिवाय संमती घेऊ नकोस, आणि तिच्यासमोर एवढी रांग ठेवायची की समजावायला वेळच नाही, हे तिच्यावर क्रौर्य आहे. म्हणून हा अर्धा तास कामाच्या वेळेत आणि पगारी हवा, सुट्टीच्या दिवशी नको. त्या बैठकीत "आडोशाला पडदा नाही", "एकांतात बोलायला खोली नाही" असं जे निघेल ते लिहून प्रमुखांकडे गेलं पाहिजे, आणि त्यांचं उत्तर पुढच्या बैठकीत वाचलं गेलं पाहिजे. याला तुमची हरकत असेल असं वाटत नाही. असेल, तर जरूर लिहा.